उरलेली चार जीबी

कोल्हापूरचा पोरगा कुणाबद्दल लिहायला बसला म्हटल्यावर तुम्ही मनात पाट मांडून बसला असणार. आता पैलवान येणार, मिशीला पीळ देणार, तांबडा रस्सा भुरकणार आणि शेवटच्या परिच्छेदात मरणार. तसलं काही नाही. आमच्या माणसाला मिशी नव्हती, रश्श्यानं त्याला पित्त व्हायचं, आणि तो चांगला जिवंत आहे. ह्यात कॉम्प्युटर आहेत, तेही जुने, आणि काय बंद ठेवलं म्हणजे काय चालतं ह्याची बरीच माहिती आहे. कंटाळा येणार असेल तर आत्ताच उठा. आम्हाला उठता येत नव्हतं, तुम्हाला येतंय, तेवढा फायदा घ्या.

सकाळी आल्या आल्या आमचे मास्तर प्रत्येक मशीनच्या अंगाला उलटा हात लावायचे. तापलेल्या पोराच्या गळ्याला आई लावते तसा. हात तिथंच ठेवून डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे. "ह्ये आज कण्हालंय. ह्याला मोठे फोटो देऊ नका." मग पुढचं मशीन. चहा नंतर, हजेरी नंतर, आधी ही तपासणी. आम्ही मागं उभे राहून बघायचो, डॉक्टरांबरोबर शिकाऊ डॉक्टर फिरतात तसे.

काम काय होतं ते सांगतो. शाहूपुरीत प्लायवूडच्या दुकानावर तिसऱ्या मजल्याला आमची खोली. पुण्याच्या एका कंपनीकडून रस्त्यांचे फोटो यायचे. फोटोत गाडी दिसली की तिच्याभोवती चौकोन ओढायचा आणि नाव द्यायचं, गाडी. माणूस दिसला की माणूस. कुत्रं दिसलं की कुत्रं. असं करत राहिलं की म्हणे बिनड्रायव्हरच्या गाडीला कळतं, समोर काय आहे ते. ह्याला लेबलिंग म्हणतात. आम्ही डबे काढणं म्हणायचो. घरी विचारलं काय करतोस, तर मी सांगायचो, मशीनला बालवाडी शिकवतोय.

डबे काढायचं टूल ब्राउझरमध्येच उघडायचं. वेगळं काही बसवायला लागत नाही, असं पुण्याचे लोक कौतुकानं सांगायचे. खरंच लागत नव्हतं. ते आपणहून येऊन बसायचं, मेमरीवर, मांडी घालून.

फोटो बाहेर जाऊ नयेत म्हणून मोबाईल बाहेरच्या लॉकरमध्ये. खिडकीच्या काचांना काळा कागद, तोही त्याच कारणानं. दार कार्डानं उघडायचं आणि कितीदा उघडलं ते मालकाला दिसायचं. वर टूलचा स्वभाव असा, की हात जरा थांबला की त्याला वाटायचं माणूस झोपला. मग टूल तो चालू फोटो काढून घेऊन दुसऱ्या गावच्या सेंटरला द्यायचं. त्यामुळं लघवीला जाताना शेजारच्याला सांगून जायचं, माझा माऊस हलवत ऱ्हा. फोटो सगळे परदेशातले. रुंद रस्ते, स्वच्छ ऊन, दोन्ही बाजूंना झाडं. दिवसभर तिथल्या गाड्या चौकोनात कोंडायच्या आणि आपण आपल्या चौकोनात बसायचं. माझ्या शेजारी हुपरीची सुजाता. घरी चांदीचं काम, लहानपणापासून पैंजणाच्या कड्या जोडलेल्या, त्यामुळं तिचे डबे एकदम घट्ट बसायचे. ती म्हणायची, भट्टीजवळ बसायचा कंटाळा आला म्हणून इथं आले, तर ह्यांनी भट्टीच्या आतच बसवलं.

दारामागं पुण्याहून आलेला एक कागद चिकटवला होता. टूल नीट चालायला काय काय लागतं ते त्यात लिहिलेलं. ताजा ब्राउझर, वायरचं इंटरनेट, मोठा स्क्रीन, आणि मेमरी आठ जीबी. आमच्या मशीनांत होती चार. उरलेली चार म्हणजे मास्तर.

मास्तर हे काही त्यांचं नाव नाही. कोडोलीत त्यांचं सायबर कॅफे होतं. गावातल्या पोरांना तिथं ते माऊस धरायला शिकवायचे, म्हणून मास्तर. पुढं पोरांच्या खिशातच इंटरनेट आलं, कॅफेला कुलूप लागलं, मास्तर तेवढे राहिले. रोज कोडोलीहून एसटीनं यायचे. बसमध्येसुद्धा पुढच्या सीटच्या पाठीवर हात ठेवून बसायचे आणि इंजिनाचा आवाज ऐकून शेजारच्याला सांगायचे, ही आज चढाला दमणार.

त्यांचे नियम आम्हाला पाढ्यांसारखे पाठ होते. काम करताना एकच टॅब. ब्राउझरला जोडलेली जादाची खेळणी काढून टाकायची. (एका पोरीनं माऊसच्या बाणाचं मांजराचं पिल्लू केलं होतं. ते पिल्लू निम्मी मेमरी पितंय असा मास्तरांनी निकाल दिला आणि तिला दोन दिवस करमलं नाही.) फोटोत डब्यांची गर्दी झाली की त्यांची नावं लपवायची, नुसत्या रेघा ठेवायच्या, स्क्रीन हलका होतो. दुपारी जेवायला उठताना मशीन बंद करून उठायचं, त्यालाबी जेवू दे. ब्राउझरचा साठा साफ करायचा, पण आधी सेव्ह, मग साफ. उलटं केलं की सकाळपासूनचे डबे गेले. ही चूक प्रत्येकानं एकेकदा केलेली. म्हणून "सेव्ह केलं का?" हे वाक्य मास्तर कुठंही टाकायचे. चहाच्या टपरीवर कुणी पेला खाली ठेवला तरी विचारायचे.

सगळेच नियम बरोबर होते असं नाही. स्क्रीनवर काळं चित्र लावलं की मशीन पळतं असा त्यांचा ठाम विश्वास होता. खोलीतली एक ट्यूबलाईट बंद ठेवली की इंटरनेटला बळ येतं असंही म्हणायचे. आम्ही अंधारात बसून डबे काढायचो आणि इंटरनेट आपलं होतं तसंच.

ज्याच्या मशीनवर एकापेक्षा जास्त टॅब दिसेल तो त्या क्षणापासून परका. एरवी सगळ्यांना भावा म्हणणारे मास्तर त्याच्या मागं जाऊन उभे राहायचे आणि अदबीनं म्हणायचे, "पावणं, एवढी दारं कशाला उघडी टाकलाय? घर वाऱ्यावर सोडलंय का?" दारं लावली की परत भावा.

खंडेनवमीला मालकानं नारळ, हळदकुंकू आणि झेंडूचे हार पाठवले. शस्त्रांची पूजा करायची तर आमची शस्त्रं हीच. मास्तर ताट घेऊन पुढं आणि आम्ही मागं. कुंकू फक्त स्क्रीनच्या पायाला लावायचं, पंख्याच्या जाळीकडं बोट न्यायचं नाही, असा हुकूम. तरी कुणीतरी भक्तीच्या भरात एका मशीनला हार घातला. पाकळी आत ओढली गेली आणि ते मशीन दसरा होऊन गेला तरी खोकत होतं. मास्तरांनी ते उघडून चिमट्यानं एकेक पाकळी काढली आणि त्या मशीनची माफी मागितली. आम्हाला एक शब्द बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

आता माझं. मी नकला करतो. वारणानगरला शाळेत होतो तेव्हा हेडसरांच्या आवाजात मी एकदा अर्धी शाळा घरी सोडली होती. कंडक्टर, मालक, बिघडलेला फ्रिज, काहीही काढून दाखवतो. मास्तरांचा आवाज तर मला पहिल्या आठवड्यातच बसला. घोगरा, शब्दाच्या शेवटाला जरा वर जाणारा. एक दिवस ते बाहेर गेलेत असं समजून मी कपाटाआडून आवाज काढला, पावणं, दारं लावा. अख्ख्या खोलीत टॅब बंद केल्याचे आवाज आले. मास्तर बाहेर गेले नव्हते, कोपऱ्यात स्वतःच्या मशीनवर एसटीचं वेळापत्रक बघत होते. त्यांनीही दचकून तो टॅब बंद केला. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. मला वाटलं आज कार्ड जमा करायला लावणार. त्यांनी वेळापत्रक परत उघडलं आणि एवढंच म्हणाले, गाडी चुकली तर तुझ्या घरी मुक्काम.

एक गोष्ट मात्र त्या खोलीत सगळ्यांना माहीत होती आणि कुणी बोलायचं नाही. पुण्याच्या मॅडम दर महिन्याला मास्तरांशी कॉलवर बोलायच्या. त्यांना मास्तर हवे होते, शिकवायला. गावोगावी नवीन सेंटर निघत होती, तिथल्या पोरांना हे टूल समजावायला. दोनदा विचारून झालं होतं. दोन्ही वेळा मास्तरांचं उत्तर एकच, ह्या बॅचनंतर बघू. बॅच संपायच्या आधी पुढची बॅच यायची.

टपरीवर मी एकदा विचारलं, का जात न्हाईसा. ते आधी कॅफेच्या गोष्टी सांगत बसले. एक म्हातारा दुबईतल्या पोराला बघायला यायचा आणि पडद्यासमोर बसताना टोपी काढायचा की ठेवायची ह्यावर अडायचा. ते सांगताना मास्तरांचा चेहरा असा उघडला होता, की मला वाटलं आता म्हणतील, जातो. पण कप विसळून ठेवला आणि म्हणाले, "मी गेलो की आठ दिसांत निम्मी मशीनं बसत्यात. मालक खोलीला कुलूप घालणार. मग तुम्ही कुठं जाणार रं?"

सुजाताला हे सांगितलं तर ती डब्यावरची नजर न काढता म्हणाली, "मास्तर हाईत तवर मालक नवी मशीनं घेत न्हाय, आणि नवी मशीनं येत न्हाईत तवर मास्तर हालत न्हाईत. बस आता फिरत."

तेव्हा मला ते कळलं. दारामागचा कागद खरा करायची मालकाला गरजच पडत नव्हती. मास्तर तो रोज उलट्या हातानं खरा करत होते.

मग मास्तरांचा आवाज गेला. इतकी वर्षं खोलीभर ओरडून घशात गाठ आली होती. डॉक्टरांनी सांगितलं, पंधरा दिवस बोलायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा शक्यतो टाळा. ऐन पुण्याच्या कॉलच्या तोंडावर. मालक खोलीत आला आणि म्हणाला, पुण्याला कळू द्यायचं न्हाय, नाहीतर ती लोकं बदली माणूस पाठवतील, तो मशीनं उघडून बघेल, मग झालंच. मास्तरांनी हातानंच विचारलं, मग बोलणार कोण? खोलीतल्या सगळ्या माना माझ्याकडं वळल्या.

कॅमेऱ्याचा प्रश्न नव्हता. कॅमेरा मेमरी खातो म्हणून मास्तर कॉलवर तो कधीच लावत नसत, मॅडमना त्याची सवय होती. आम्ही दोघं एका मशीनसमोर बसलो. हेडफोनची एक बाजू माझ्या कानाला, एक त्यांच्या. माईकचं बटण माझ्या बोटाखाली. मॅडम काही विचारणार, मी बटण बंद करणार, मास्तर कानात कुजबुजणार, मी बटण चालू करून त्यांच्या आवाजात बोलणार. डॉक्टरांना काय, ते कॉलवर नव्हते.

सुरुवात झकास झाली. मॅडमनी विचारलं, कसे आहात. मी म्हणालो, बरं हाय की मॅडम, सगळी दारं लावून बसलोय. त्या हसल्या. मास्तरांनी मांडीला चिमटा काढला, म्हणजे जादा बोलू नको. इंटरनेटचं झालं, बॅचचं झालं. मग त्यांनी मशीनांचं विचारलं. मास्तर नेहमीचं कुजबुजले. मी म्हणालो, "चालत्यात की."

"चालतात हे मला माहीत आहे," मॅडम म्हणाल्या. "तुमच्याकडे चार जीबी आहेत हेसुद्धा माहीत आहे. मेमरी किती आहे ते ब्राउझर टूलला सांगतो, सर. पहिल्या दिवसापासून मला इथे दिसतंय."

मास्तरांचा चेहरा मी बाजूनं बघितला. कॉपी करताना सापडलेल्या पोरासारखा झाला होता. बटण बंदच राहिलं.

मॅडम रागावल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, आता टूलचं नवीन व्हर्जन येतंय, ते चार जीबीवर उघडणारच नाही, तुम्ही काहीही केलंत तरी. आणि म्हणून त्या तिसऱ्यांदा विचारत होत्या. सोमवारपासून शिकवायला या. आत्ता नाही म्हणालात तर माझ्याकडे दुसरं नाव तयार आहे, मग मी परत विचारणार नाही.

मास्तर पडद्याकडं बघत होते. पडद्यावर एक अर्धा राहिलेला फोटो होता, रस्ता, ऊन, एक लाल गाडी, तिला डबा पडायचा होता. त्यांनी मान हलवली. नाही. मग माझ्या कानाशी आले. घशातून नुसती घरघर. "सांग. ह्या बॅचनंतर बघू."

मी बटण चालू केलं.

"येतो," मी म्हणालो. त्यांच्याच आवाजात, घोगरा, शेवटाला जरा वर. "सोमवारी येतो."

त्यांचा हात माझ्या बोटाकडं आला. मी बोट काढलं नाही. "आणि मॅडम, नवं व्हर्जन जुन्या मशीनवर चालत न्हाय, ते आमच्या मालकास्नी तुम्ही लिवून कळवा. मी सांगून त्यास्नी पटत न्हाय."

मास्तरांनी वायर उपटली.

पुढचं सगळं इथंच सांगून टाकतो, म्हणजे शेवटाला फक्त माझी पूजा राहील. मास्तर सोमवारी गेले, घसा उघडेपर्यंत नुसतं हातानं दाखवून शिकवलं. मालकानं मशीनं घेतली, पण निम्मीच, म्हणून आता दोन पाळ्या चालतात, सुजाता सकाळी आणि मी संध्याकाळी. तिचा टोमणा ऐकायला मिळत नाही. दोघंजण सोडून गेले. एक आता फरसाणाच्या दुकानात आहे आणि म्हणतो, इथं निदान खिडकी आहे. मास्तरांचा घसा बरा झाला. टूलमध्ये मदत म्हणून एक बटण आहे, ते दाबलं की त्यांचा व्हिडिओ लागतो. कृपया अनावश्यक टॅब बंद करावेत, असं ते अगदी पुण्याचं बोलतात. पावणं म्हणत नाहीत. खोलीतले म्हणतात, ह्याच्यापेक्षा मास्तरांचा आवाज तूच बरा काढतोस. नव्या मशीनांना कुणी हात लावून बघत नाही. गरजच पडत नाही.

तर, वायर उपटली. खोलीत कुणाचाच माऊस हलत नव्हता. त्यांना मॅडमचं काही ऐकू गेलं नव्हतं, फक्त मास्तरांच्या आवाजातलं ऐकू आलं होतं, सोमवारी येतो, मालकास्नी लिवून कळवा. टूल बघायला बसलं असेल तर सगळ्यांचे फोटो एव्हाना दुसऱ्या गावाला पोचले असतील.

मास्तर उभे राहिले. तोंड उघडलं आणि नुसती हवा आली, सायकलच्या ट्यूबमधून येते तशी. परत प्रयत्न केला. ओठ हलत होते, हात हलत होते, माझ्याकडं बोट जात होतं, मानेच्या शिरा फुगल्या होत्या, आणि आवाज काडीचा नाही. मागच्या रांगेतून सुजाता म्हणाली, "मास्तर, ऐकू येईना."

त्यांनी टेबलावर हात आपटला. माझी कॉलर धरली, मला उभं केलं, खोलीकडं तोंड करून. माझ्या कानाला तोंड लावलं. "बोल."

"ह्या गाढवाला," मी मास्तरांच्या आवाजात सुरुवात केली, "मी सांगितलं एक आणि ह्यो बोलला दुसरंच." खोली हसायला टपलेलीच होती. कानात घरघर, माझ्या तोंडून आवाज. "माझं तोंड म्हंजे काय स्टँडवरचा माईक हाय? कुणीबी यावं आणि गाडी सोडावी?" गाढवाच्या जागी मी एकदा गुणी पोरगं म्हणून बघितलं, तर कान असा पिळला की लगेच गाढवावर आलो. "घरात इचारलं न्हाय. बॅग हाय का माझ्याजवळ इचारलं न्हाय. रोज संध्याकाळी घरी जाणारा माणूस मी, आणि ह्यो मला गावोगाव फिरायला लावतोय, ते बी माझ्याच आवाजात. लाज वाटत न्हाय त्याला. आईबापानं हेच शिकीवलं का. उद्या माझ्या आवाजात माझ्या पोरीचं लग्न ठरीवशील."

पोरं डोळे पुसून हसत होती. मीही रंगात आलो होतो. मग कानातली घरघर थांबली. मी वाट बघत उभा राहिलो. त्यांचा श्वास लागत होता, तेवढाच. कॉलरवरची मूठ ढिली झाली नव्हती. मग ते अगदी हळू बोलले.

"मी गेल्यावर..." मी म्हणालो, आणि पुढं जे निघालं ते त्यांच्या आवाजातलं नव्हतं, माझ्याही नाही. "मी गेल्यावर ह्या पोरांकडं कोण बघणार?"

कुणी हसलं नाही. मास्तरांनी माझ्या डोक्यात एक टपली हाणली.

"रडतोस काय?" ते कानात फुसफुसले. "मी असला आवाज कवा काढलाय? नीट म्हण. परत, पहिल्यापासनं."